शिवलीलाबाईंचं पान

हेब्बाळच्या तळ्यापाशी असलेल्या त्या जुन्या बंगल्यात भूत आहे, हे प्रणिताला कुणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी नोकरी देताना कोण सांगतं? निपाणीहून ती आली ती आठ वर्षांच्या ईराला शिकवायला आणि सांभाळायला, तिथेच राहून. आई शमिका आणि बाबा ईशान दिवसभर ऑफिसात.

भूत मात्र भलतंच शिस्तीचं निघालं. दुपारी ईरा झोपून उठली की तिच्या वेण्या घातलेल्या असायच्या, तेल चापून, रिबिनीसकट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रणिताची बोबडीच वळली. "शिवलीलाबाई घालतात," ईरा सहज म्हणाली. शिवलीलाबाई म्हणजे ईराला आधी सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या बाई. विजापूरच्या, एकट्या. ईरा तान्ही होती तेव्हापासून इथे राहिल्या आणि गेल्या वर्षी याच घरात वारल्या.

प्रणिता पळूनच जायची, पण तोवर पोरीने जीव लावला होता. खरं दुखणं वेगळंच होतं. ईरा तिला केसांना हात लावू देत नसे. "नको मिस, बाई घालतात ना." मेलेल्या बाईचा हेवा करायची प्रणिताला लाज वाटे, पण हेवा काही जाईना.

वर्षश्राद्धाला शमिकाने गच्चीवर बाईंचं पान ठेवलं. त्यांचं दुसरं होतं कोण? भात, वरण, त्यांच्या आवडीची शेंगापोळी. कावळा आला, कठड्यावर बसला आणि बसूनच राहिला.

"काहीतरी इच्छा राहिलीय," शमिका म्हणाली.

ईशानने हात जोडले. "बाई, मी रोज सातच्या आत घरी येईन."

कावळ्याने मान फिरवली. हेब्बाळच्या फ्लायओव्हरचा ट्रॅफिक त्यालाही ठाऊक असावा. शमिकाने ईराच्या खाण्यापिण्याची हमी दिली. कावळा ढिम्म.

प्रणिता पुढे झाली. "मी हिला सोडून जाणार नाही, बाई." तरी कावळा हलेना, आणि प्रणिता खट्टू झाली.

तेवढ्यात ईरा रडवेली होऊन म्हणाली, "मीच त्यांना जाऊ नका म्हटलंय. मला एकटीला भीती वाटते म्हणून. म्हणून त्या जेवत नाहीत."

ईराने प्रणिताचा हात धरला आणि पानाकडे बघत म्हणाली, "बाई, जेवा तुम्ही. आता अक्का आहे माझ्याजवळ."

पानाला कावळा शिवला, तेव्हा बाकीचे तिकडे बघत होते. आजवर नुसती 'मिस' असलेली प्रणिता ईराला पोटाशी धरून रडत होती.