तुलय्या महाराजांचा तराजू

"सहावी भेली! ठेवा सहावी!"

सेवेकऱ्याने गुळाची सहावी भेली डाव्या पारड्यात ठेवली, उजव्या पारड्यातलं बाळ हळूच वर आलं आणि दांडी सरळ झाली. दुधनीजवळच्या माळावरच्या मठात अमावस्येला जमलेल्या गर्दीने असा काही जयजयकार केला, की बाळ दचकून रडायला लागलं. मागच्या अमावस्येला याच बाळाला किलोच्या पाच भेल्यासुद्धा जड झाल्या होत्या. महिन्याभरात किलोच्या वर वाढ, आणि तीही चिमूटभर अंगाऱ्यावर!

"आईचं रक्त नासलेलं असू द्या, माझ्या देवाचा तराजू नासत न्हाय!" तुलय्या महाराज गरजले. "डावं पारडं पापाचं, उजवं पुण्याचं. पहिल्या अमावस्येला लेकरू डाव्यात, दुसऱ्या अमावस्येला उजव्यात. दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या की लेकरू कसं फुगतंय बघा!"

बाळाची आई शिवानी मात्र हात जोडून उभी नव्हती. तिच्या अंगाची लाही लाही होत होती. महिनाभर तिने सिद्धूला कडेवर वागवला होता. त्याची लंगोटी सैल झाली होती, मांड्यांची कातडी लोंबत होती. आईच्या हाताला कळतं ते या दाढीवाल्याला कळत नव्हतं, की कळूनही लपवायचं होतं?

शिवानी आणि तिचा नवरा प्रभु, दोघांनाही एचआयव्ही. गरोदरपणात कळलं. तेव्हापासून ती रोज गोळी घ्यायची, बाळालाही औषध दिलं, आणि दीड महिन्यांचा असताना सिद्धूची तपासणी चांगली आली होती, त्याला लागण नव्हती. मग सासू काशम्माच्या कानावर महाराजांची कीर्ती गेली आणि घरातल्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या.

परवा शिवानी कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात गेली होती. डॉक्टर चैतालीने सिद्धूला काट्यावर ठेवलं आणि तिचा चेहराच उतरला.

"अगं, मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलंय हे! गोळ्या कधी सोडल्यास?"

"महाराजांनी बंद करा म्हटलं की, म्याडम. गोळ्यांनी दूध इखारी होतंय म्हणं."

"विषारी?" डॉक्टर ताडकन उठली. "तुझ्या रक्तातला विषाणू त्या गोळीनंच दाबून ठेवला होता. गोळी सोडून अंगावर पाजलंस, तर दुधातून बाळाला लागण होऊ शकते. कोण हा हलकट?"

शिवानीने गोळी तिथेच घेतली. डॉक्टरने बाळाचं रक्त तपासणीला घेतलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. पण घरी तिने हे सांगितलं तेव्हा प्रभु म्हणाला, "दवाखान्याचा काटा बिघडला आसंल. महाराजांचा तराजू चार गावं बघत्यात, तो कसा खोटा आसंल?"

आणि हे कोण बोलत होतं? बाजार समितीतला तोलार! रोज तुरीची पोती जोखणारा माणूस. प्रमाणित वजन ठेवून काटा तपासल्याशिवाय तो एक पोतं चढवू द्यायचा नाही. दांडीच्या तराजूच्या काळात त्याचा बाप पारडी पालटून माल दोनदा जोखायचा, हे तो अभिमानाने सांगायचा. आजही त्या गर्दीत निम्मे अडते आणि हमाल होते. बाजारात सख्ख्या भावाच्या काट्यावर विश्वास न ठेवणारी ही माणसं मठाच्या पायरीशी चप्पल काढतात, तेव्हा अक्कलही तिथेच काढून ठेवतात.

शिवानी पुढे झाली. तिने बाळ उचललं.

"अहो," ती प्रभुला म्हणाली, "तुमचा बाप पारडी पालटून जोखायचा न्हवं? हितं पालटा की."

"तराजूला हात लावू नका!" महाराज किंचाळले. "भस्म व्हाल!"

प्रभु जागच्या जागी थिजला. पण रडणारं पोर आणि बायकोचे डोळे बघून तो हलला. त्याने गूळ उजवीकडे ठेवला आणि शिवानीने सिद्धूला डावीकडे. गुळाचं पारडं धाडकन खाली गेलं, बाळ वर लटकलं. तेच बाळ, त्याच सहा भेल्या.

प्रभुने दांडीवरचे हार आणि लाल कापड ओरबाडून काढलं. दांडी टांगायची कडी मधोमध नव्हतीच. उजवी बाजू चांगली चार बोटं लांब होती, आणि रिकामा तराजू समतोल दिसावा म्हणून डाव्या पारड्याच्या बुडाला शिशाचा पत्रा ठोकला होता. डावीकडे ठेवलं की बाळ हलकं, उजवीकडे ठेवलं की भारी.

"तोलाराच्या डोळ्यांत धूळ फेकली रं भाड्या," प्रभु पुटपुटला.

महाराजांनी शेवटचा हुकमी एक्का काढला. "हिला कसला रोग हाय सांगू का समद्यांना?"

याच भीतीवर त्याचा धंदा चालला होता. इथे येणारी बाई तक्रार कुठे करणार?

"तुमी कशाला, मीच सांगते," शिवानी म्हणाली. "मला एचआयव्ही हाय. गोळी घेतीया, लेकरू जगवतीया. तुमी मातर मारायला निघाला हुता."

मग पायरीवरून सोनाबाई उठली. तिच्या हातात झाडू होता. वर्षापूर्वी तिची मुलगीही याच तराजूत वाढली होती आणि पुढच्या महिन्यात गेली. आईने चोरून गोळी खाल्ली म्हणून देव कोपला, असं महाराज म्हणाले होते. तेव्हापासून ती प्रायश्चित्त म्हणून मठ झाडत होती.

"प्रभुदादा," तिने विचारलं, "म्हंजी माजी पोर तवाबी वाळतच हुती व्हय?"

प्रभुने पारड्याच्या बुडाचा शिशाचा पत्रा उचकटून तिच्या हातात ठेवला. महाराज मागच्या दाराकडे सरकले, पण हमालांनी दार अडवलं. पोलीस येईपर्यंत तिथून कुणी हललं नाही.

सिद्धूचा अहवाल चांगला आला. पण दीड वर्षाचा होईपर्यंत तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरने बजावलं आहे. आईने रोज गोळी घेतली, बाळाचं औषध आणि वजन सांभाळलं, तर अशी बहुतेक बाळं निरोगी वाढतात. यात चमत्कार नाही, विज्ञान आहे. गोळी बंद करायला सांगणारा कितीही मोठा महाराज असो, तो तुमच्या लेकराच्या जिवावर उठलेला आहे. सोनाबाईला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही. तुमच्या गल्लीतल्या बाईला तुम्ही सांगा, आजच सांगा.