वजिराची गोळी

धम्मरत्नला मिसरूड फुटलं, दोनदा दाढीही करून झाली, तरी त्याचा दवाखाना अजून सशाचाच होता. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर ससा रंगवलेला, आणि सशाखालच्या खाटेवरून धम्मरत्नचे पाय पोटरीपासून बाहेर. रक्तातल्या सिकलसेलचं दुखणं उठलं की त्याची माय इंदूबाई त्याला बाभुळगावच्या एसटीत घालून आणायची. मुलांचे डॉक्टर विचारायचे, "काय म्हणतंय बाळ?" आणि बाळाच्या वतीनं इंदूबाई बोलायची. सांधे धम्मरत्नचे, दुखायचे मात्र तिच्या तोंडून. शेवटी रोजची गोळी लिहून मिळे, वर एक चॉकलेट.

या व्यवस्थेत एकच अडचण होती. धम्मरत्नला डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो मायसमोर विचारण्यासारखा नव्हता.

प्रश्न राजदीपनं डोक्यात घातला होता. राजदीप म्हणजे त्याचा दोस्त, बी.एस्सी.ला बसून नापास झालेला, त्यामुळे गावात विज्ञानाचा अधिकारी. "तू थे रोजची गोळी खातं ना लेका, त्यानं माणूस बाप नाई होत." लेझीम पथकातली साधना नुकतीच धम्मरत्नकडं पाहून हसली होती. अशा वेळी असं ऐकवणं बरं नव्हे.

विचारायची सोय नाही म्हटल्यावर धम्मरत्ननं प्रयोग केला. इंदूबाईकडं वजीर नावाचा बोकड होता. आजूबाजूच्या गावांतल्या शेळ्या त्याच्याकडं येत. त्या साली अर्धा कापूस बोंडअळीनं खाल्ला आणि उरलेल्याला भाव नव्हता. सरकीच्या ढेपेला मात्र होता. तरी वजिराला ढेप कमी पडत नसे, कारण घरात नेमानं कामावर जाणारा तो एकटाच. सकाळी माय गोळी हातावर ठेवी. धम्मरत्न ती जिभेखाली धरून गोठ्यात जाई आणि ढेपेत दडवून वजिराला चारी.

दिवाळीपर्यंत निकाल लागले. शेजारच्या रूपीबाईची शेळी दरवेळी रिकामीच परत गेली, आणि इकडं धम्मरत्न पुन्हापुन्हा ॲडमिट होऊ लागला. पहिल्या निकालानं तो इतका हादरला की दुसऱ्याचं कारण शोधायचं राहूनच गेलं.

अशात एक दिवस मुलांचे डॉक्टर म्हणाले, "अठरा पूर्ण झाली. आता मोठ्यांच्या ओपीडीत जायचं."

"लहानच हाय साहेब अजून," इंदूबाई म्हणाली. बाळ उठून उभं राहिलं. डॉक्टरांना मान वर करून पाहावं लागलं. विषय संपला.

मोठ्यांकडं एक मॅडम होत्या. "जयभीम मॅडम," म्हणत इंदूबाईनं खुर्ची धरली.

"तुम्हाला काय त्रास होतो?" मॅडमनी धम्मरत्नला विचारलं. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"राती गुडघ्यात अशी कळ येते आमच्या..." इंदूबाई सुरू झाली.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मंग सांगन कोण?"

"ज्याचे गुडघे आहेत तो."

इंदूबाई बाहेर गेली, म्हणजे खिडकीत आली. मॅडमनी भूक विचारली. धम्मरत्ननं खिडकीकडं पाहिलं. खिडकीनं मान डोलावली. "लागते." झोप विचारली, खिडकीनं हात झटकले. "नाई लागत." "गोळी रोज घेता?" खिडकीनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. मॅडम उठल्या आणि खिडकी लावून आल्या.

धम्मरत्न खुर्चीत पुढं सरकला.

"मी नाई घेत, मॅडम. वजीर घेते."

"वजीर कोण?"

"बोकड हाय आमचा."

मॅडमनी पेन खाली ठेवला. मग त्यानं राजदीप, ढेप, रूपीबाईची शेळी, सगळं सांगून टाकलं. साधनाचं नाव तेवढं गाळलं. "मी बाप होईन का नाई, मॅडम?"

"एवढं विचारायला बोकड लागतो?" मॅडम म्हणाल्या. "हे बघा, गोळीनं बीज कमी होऊ शकतं. बहुतेकांचं बंद केल्यावर भरून येतं. लग्न ठरलं तर आधी मुलीची सिकलसेलची तपासणी. मूल हवं असेल तेव्हा अगोदर मला येऊन सांगा, काय करायचं ते ठरवू. तोवर गोळी खायची. बाप व्हायचं तर तोपर्यंत धड राहायला नको?"

"अन् वजिराचं?"

"मी माणसांची डॉक्टर आहे. पण त्याची गोळी आजपासून बंद."

खिडकी सरकारी होती. काचेच्या जागी पुठ्ठा होता. पुठ्ठ्यामागून आवाज आला, "अरे बयताडा! रूपीबाईच्या शिव्या मी खाल्ल्या ना रे!"

एसटीत इंदूबाई तोंड फिरवून बसली. बाभुळगाव आलं तेव्हा म्हणाली, "थे लेझीमवाली मारोतीची पोरगी साधनाच ना?"

धम्मरत्न उतरायच्या गडबडीत असल्याचं दाखवू लागला.

पुढं तो एकटाच जाऊ लागला. थांब्यापर्यंत माय यायची. "मॅडमले सांगजो का राती..." इथवर येऊन तिनं तोंडाला पदर लावला. "जाय. तुले सांगाचं थे सांग."

उन्हाळ्याच्या तोंडाशी मॅडमनी विचारलं, "गुडघे?"

"बरे हायेत. गोळी मीच खातो."

"आणि वजीर?"

"रूपीबाईची शेळी गाभण हाय, मॅडम," धम्मरत्न म्हणाला, आणि खिशातून एक चॉकलेट काढून त्यानं टेबलावर ठेवलं.