कच्च्या तांदळाची ओळ

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा फाइल उघडली आणि दोनदा बंद केली. लंबूला कळलंच आहे, मग आणखी कशाला, असं वाटत होतं. पण आज दुपारपासून हात नुसते शिवशिवतायत.

सोमवारी दुपारी लंबूने त्याचा तक्ता माझ्यासमोर सरकवला.

"सही ठोक रे. तीन वाजता मॅडमच्या टेबलावर जायला हवा."

आम्ही दोघं आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. शेवटचे सहा महिने हॉस्पिटलमध्ये काढायचे असतात. तिथला नियम साधा आहे. पेशंट दिवसभरात काय खातो त्याचा हिशोब एकाने करायचा, दुसऱ्याने तो ओळ न् ओळ तपासायचा आणि खाली सही करायची. सही झाली की त्या आकड्यावर पेशंटचं जेवण ठरतं.

सहा महिने संपले की विभागात एकालाच ठेवून घेणार होते. दोघांनाही माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

तक्ता प्लंबर काकांचा होता. पायाला मोठी जखम, ऑपरेशन झालेलं, आणि जखम भरायची तर अंगात खाणं जायलाच हवं. आधी ते माझ्याकडे होते. रोज सकाळी मी फॉर्म घेऊन जायचो. काल नाश्त्याला काय, किती वाट्या, किती चमचे. काका म्हणायचे, "आले इन्स्पेक्टर साहेब!" आणि ताठ बसून उत्तरं द्यायचे. सगळं खाल्लं. अंडीही खाल्ली. मी "व्हेरी गुड काका" म्हणायचो, ते खूश, मीही खूश.

मग एक दिवस मला कॉलेजात जावं लागलं आणि लंबू गेला. फॉर्म विसरून गेला. तसाच जाऊन पलंगाच्या कडेला बसला आणि त्यांना विचारलं, की आमच्या होस्टेलचा नळ बंद केला तरी ठिबकतो, काय करू? अर्धा तास त्यांनी त्याला वायसर कसा बदलायचा ते शिकवलं. आणि उठताना सांगितलं, "तुझ्या त्या इन्स्पेक्टरला बोलू नकोस हं, पण अंड्याचा वास आला की मला उमळून येतं. रुमालात गुंडाळतो आणि मावशींना टाकायला देतो."

आमच्या विभागाच्या मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माणसं याच्याशी बोलतात. हे पुस्तकात नाही मिळत." आणि काका लंबूला दिले.

माझी आई म्हणते, दुसऱ्याचं बरं बघून ज्याचं पोट दुखतं त्याला औषध नाही. मी तीन वर्षं पोटाबद्दलच शिकतोय. आईचं बरोबर आहे.

कारण मला सगळं पाठ आहे. कशात किती प्रथिनं, झोपेत विचारा. लंबूला दुधाचे आकडेही दर वेळी बघावे लागतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो माझ्या वहीवर पडीक असतो. आणि माणसं बोलतात त्याच्याशी.

तर तक्ता. अंडी काढून त्याने दुसरं काय काय बसवलं होतं, चांगलं बसवलं होतं. भात दोन्ही वेळचा मिळून तीनशे ग्रॅम. त्यापुढे कॅलरी हजारच्या वर.

आमच्या पुस्तकात तांदूळ दोन ओळींत असतो, एकाखाली एक. वर कच्चा, खाली शिजवलेला. शिजताना तांदूळ पाणी पितो, म्हणून शिजलेल्या तीनशे ग्रॅममध्ये जेमतेम चारशे कॅलरी. लंबूने वरची ओळ घेतली होती. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक. बेरीज एकोणीसशेच्या वर गेलेली, म्हणजे काकांना वरचं काही नको. खरी होती साडेबाराशे.

मला ते बघताक्षणी दिसलं. बोट त्या ओळीवर होतं माझं.

"झालं का?" लंबूने विचारलं. तो खिडकीत उभा राहून कुठल्या तरी पेशंटच्या मुलीला रिक्षास्टँड दाखवत होता.

"झालं," मी म्हणालो आणि सही केली.

मनात म्हटलं, दर गुरुवारी पेशंटचं वजन करतात. मॅडमना कळेल. तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे.

मंगळवारी मी काकांच्या वॉर्डात गेलो. काम नव्हतं, तरी गेलो. सांगून टाकावं असं होतं मनात, खरंच होतं.

"काय काका, पोटभर मिळतंय ना?"

"संध्याकाळी जरा खड्डा पडतो रे पोटात." मग हसले. "पण लंबूने मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. तो पोरगा लाखात एक आहे."

मी उशी सारखी करून दिली आणि निघालो. ते शेवटचं वाक्य नसतं बोलले तर मी तेव्हाच सांगितलं असतं, असं मी स्वतःला तेव्हापासून सांगतोय.

आज गुरुवार. काकांचं वजन दीड किलोने खाली आलं. मॅडमनी तक्ता मागवला, चष्मा डोक्यावरून खाली घेतला. एक मिनिटही लागलं नसेल.

"हा कच्चा तांदूळ खातो का पेशंट?"

लंबूचे कान लाल झाले. त्याने वाकून बघितलं, आणि त्याला कळलं.

"माझी चूक, मॅडम."

"चूक कोणाकडूनही होते. म्हणून तर दोन सह्या असतात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडून हे सुटलं? तुझ्याकडून?"

मी तोंड उघडायच्या आत लंबू बोलला.

"त्याला मी वाचूच दिलं नाही, मॅडम. उशीर झाला होता, सहीसाठी डोक्यावर बसलो त्याच्या."

खोटं. मी चांगली दहा मिनिटं वाचत होतो.

"आणि तू केलीस?" मॅडम.

"हो."

एवढंच बोललो. मॅडमनी काकांना संध्याकाळचं जादा जेवण आणि दोन वेळा प्रथिनांचं दूध लिहून दिलं. जाताना लंबूला म्हणाल्या, "नुसत्या गप्पांनी जखम भरत नाही." मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते हेच होतं. मिळालं. पण बरं काही वाटलं नाही.

लंबू थेट काकांकडे गेला, मीही मागोमाग. पलंगाजवळ उभं राहून त्याने सांगून टाकलं, "काका, मी हिशोब चुकवला. तीन दिवस तुम्हाला कमी जेवण मिळालं."

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग पायाच्या बँडेजकडे.

"तरीच! मी म्हटलं, म्हातारपणी ही राक्षसाची भूक कुठून आली." मग म्हणाले, "अरे, मी एकदा एका बाईंच्या घरी गरम-गार पाइप उलटे जोडले. आठवडाभर बिचारी गरम नळ सोडून थंड पाण्याने आंघोळ करत होती. तोंडावर जाऊन सांगितलं. अजून मलाच बोलावते काम असलं की."

आणि लंबूच्या पाठीत एक धपका घातला.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. तेव्हासुद्धा, देवाशप्पथ, तेव्हासुद्धा मी जळलो. चूक करून त्याला धपका मिळाला.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ तो ग्लास भरत होता.

"मला दिसलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"ती ओळ. सोमवारीच. सही करायच्या आधी."

ग्लास भरून पाणी वाहायला लागलं, तरी त्याने नळ बंद केला नाही. मला वाटलं आता शिवी येणार. आली असती तर बरं झालं असतं.

"सोमवारी," तो म्हणाला. "मंगळवारी तू त्यांच्याकडे गेला होतास. काका सांगत होते, इन्स्पेक्टरने उशी लावून दिली."

"हो."

"भूक लागते म्हणाले होते तुला?"

"हो."

त्याने नळ बंद केला. स्वतःबद्दल एक शब्द नाही. जागा गेली, मॅडमसमोर शोभा झाली, त्याचं काहीच नाही.

"मॅडमना सांगितलंस तर तुझी जागा जाईल," तो म्हणाला. "ते तुझं तू बघ. मी कोणाला बोलणार नाही."

"सांगेन. उद्या सकाळी."

"मॅडमना नंतर सांग." तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. "उपाशी मॅडम नव्हत्या."

"बरं," मी म्हणालो. "आधी काकांना. फॉर्म न घेता जाईन, आणि बसून सांगेन. नक्की."