सबनीसांच्या घरातल्या दोन सुना

सरकारच्या लेखी सबनीसांच्या घरात दोन सुना होत्या. एक मार्गिट कोवाच. हंगेरीची नागरिक, अविवाहित, शिक्षण पुरं झालेलं, व्हिसा महिनाअखेर संपणार. तेव्हा तिनं गाशा गुंडाळून आपल्या देशी जावं. दुसरी मोहना उन्मेष सबनीस. रीतसर लग्न झालेली, नवऱ्याजवळ राहण्याचा पुरता हक्क असलेली. फक्त ती या देशात कधी आली, कुठून आली आणि कोणत्या पासपोर्टवर आली, याचा कुठेच पत्ता नव्हता. बडोद्यातल्या अकोट्याच्या त्यांच्या टेनामेंटमध्ये जेवायला मात्र एकच सून बसायची. दोघींचं जेवण ती एकटी जेवायची, ही गोष्ट वेगळी.

हा घोळ सासूबाईंनी, अहल्याबाईंनी, घातला होता, आणि तोही अगदी शास्त्रशुद्ध.

उन्मेष वाघोडियाच्या कारखान्यात इंजिनियर. मार्गिट बडोद्याला मूर्तिकला शिकायला आली होती आणि फतेगंजात खोली घेऊन राहत होती. लोखंडाच्या मूर्ती करायच्या म्हणून ती एकदा त्याच्या कारखान्यात भंगार मागायला गेली. "भंगार मागायला आली आणि माझा मुलगा घेऊन गेली," असं अहल्याबाई पुढे कितीतरी दिवस म्हणत. लग्नाचं कानावर आलं तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला. त्यांच्या अन्नत्यागात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि केळी मोडत नसत, त्यामुळे तो बराच लांबला. शेवटी लाडू संपले आणि त्या एका अटीवर राजी झाल्या. लग्न आपल्या पद्धतीनं होईल, आणि सुनेचं नाव बदललं जाईल.

नाव त्यांनीच निवडलं, मोहना. घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरले, उन्मेषनं अंगठीनं त्यात नाव कोरलं, सगळ्यांना पेढे वाटले. मार्गिट खळखळून हसली. तिला वाटलं, अंगाला हळद लावतात आणि धुतली की जाते, तसलंच काहीतरी हे असणार. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खिचडी झाली. घरात काही वाया घालवायची पद्धत नव्हती.

अहल्याबाईंचे यजमान नारायणराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले. संस्थानच्या काळात दप्तर सांभाळणारं त्यांचं घराणं, त्यामुळे कोरा अर्ज दिसला की त्यांचे हात शिवशिवत. लग्नाच्या नोंदणीचा अर्ज त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात भरला. वधूचं नाव, मोहना. आधीचं नाव विचारलं होतं तिथं त्यांनी पट्टीनं एक सुरेख रेघ मारली. टाकून दिलेलं नाव सरकारदरबारी पुन्हा उकरून काढणं त्यांना सभ्यपणाचं वाटलं नाही.

राहिला शेजार. समोरच्या संयोगिताबाई लग्नानंतर आठवड्याच्या आत चौकशीला आल्याच. "कुठली हो सून?"

"बाहेरची आहे," अहल्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे कुठली?"

"लांबची."

संयोगिताबाईंनी सुनेचे घारे डोळे पाहिले, केतकी रंग पाहिला. "कोकणस्थ दिसते. चिपळूणकडची का?"

अहल्याबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चहा टाकते." चहा होईपर्यंत सून चिपळूणची झाली होती. भाषा अशी का, तर हॉस्टेलात वाढली म्हणून. मग अहल्याबाईंनी घरात सक्त ताकीद दिली की मार्गिट हे नाव या उंबऱ्याच्या आत ऐकू येता कामा नये. उन्मेषची जीभ एकदोनदा घसरली तेव्हा त्याला ताटात कारल्याची भाजी वाढण्यात आली.

आणि मग व्हायला नको ते झालं. सून त्यांना आवडायला लागली. दुपारी पुरुष घरात नसले की दोघी रमी खेळत. मार्गिट पत्ते लपवी. अहल्याबाई तिच्यापेक्षा सफाईनं लपवत. हरणारीनं सेव-उसळ खाऊ घालायची असा करार होता, आणि त्यासाठी साठीची सासू कायनेटिकवर सुनेच्या मागे बसून, पदर घट्ट खोचून, गावभर हिंडत असे. उन्मेष लहान असल्यापासून इतकं हसायला त्यांना घरात कोणी मिळालं नव्हतं.

एकदा पत्ते पिसताना मार्गिट म्हणाली, "आई, माझ्या आजीच्या थडग्यावर आजीचं नाव नाही."

"मग कोणाचं आहे?"

"आजोबांचं. पूर्ण नाव आजोबांचं, आणि शेवटी एक छोटं शेपूट. ते शेपूट म्हणजे आजी. आमच्याकडे पूर्वी असंच होतं."

अहल्याबाईंनी पानं उचलली. त्यांच्या हाती चांगली पानं आली होती, पण तो डाव त्या हरल्या.

व्हिसाची मुदत जवळ आली तशी नारायणरावांनी फाइल बांधली आणि ते मुलाला-सुनेला घेऊन पोलिसांच्या कचेरीत गेले. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम तिथं उदयसिंहरावांकडे होतं. जुन्या फौजी घराण्यातला माणूस, मिशा भरदार, बोलणं गोड आणि कागदाला पक्का. त्यांनी एका हातात पासपोर्ट धरला आणि दुसऱ्या हातात लग्नाचा दाखला.

"नारायणराव, माझा कसला वांधा नाही," ते म्हणाले. "पण ही मार्गिट कुमारी आहे. हिला नवरा नाही, म्हणून हिला जावं लागेल. ही मोहना विवाहित आहे. तिला राहता येईल. फक्त तिचा पासपोर्ट दाखवा."

"अहो, दोघी एकच आहेत."

"मला दिसतंय साहेब. कागदाला दिसत नाही ना! बरं, असं करू. माणूस पाठवतो. मार्गिट तुमच्या घरात सून म्हणून राहते एवढा त्याचा रिपोर्ट आला, की पुढचं मी शांतीनं बघून घेतो. रिपोर्ट नाही आला तर महिनाअखेर विमान. तिकडून नव्यानं अर्ज, मग सहा महिने लागोत की वर्ष."

तो माणूस दोन दिवसांनी आला, साध्या कपड्यांत, काखेत रेक्झिनची बॅग घेऊन. घरात अहल्याबाई एकट्या होत्या. त्या वर्षी दारावर सेल्समनांचा नुसता सुळसुळाट झाला होता; कोणी व्हॅक्यूम क्लीनर आणी, कोणी पाण्याचा फिल्टर. नुकताच त्यांचा डोळा लागला होता आणि बेल वाजली.

"मार्गिटबेन अहीं रहे छे?" त्यानं विचारलं.

अहल्याबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे नाव या मेल्यापर्यंत पोचलं कसं? "नथी रहेती!" त्यांनी ठणकावलं. "या नावाचं इथं कोणीही राहत नाही!" आणि दार लावून घेतलं.

त्या माणसानं समोर विचारलं. संयोगिताबाईंनी त्याला बसवून पाणी दिलं आणि सविस्तर माहिती पुरवली. सबनीसांकडे मार्गिट नावाची कोणी नाही, सून आहे ती मोहना, चिपळूणची, चांगल्या घरातली.

रिपोर्ट आला. उदयसिंहरावांचा फोन उन्मेषच्या कारखान्यात गेला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "मार्गिट पत्त्यावर सापडली नाही असं लिहिलंय. बेपत्ता! आता हजर होऊन खुलासा द्यायचा, नाहीतर थेट देश सोडायची नोटीस. आपल्या घरातूनच कोणीतरी सांगितलंय की ती इथं राहत नाही. इतकं नीच कोण बोललं असेल?"

अहल्याबाई ताटं मांडत होत्या, त्या मांडतच राहिल्या. नारायणराव म्हणाले की शेजारपाजारचं कोणीतरी असेल. मार्गिट आत गेली आणि पलंगाखालची आपली मोठी बॅग ओढून झटकू लागली. तो आवाज ऐकला आणि अहल्याबाईंच्या हातातली आमटीची वाटी खाली पडली.

"मी बोलले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं व्हॅक्यूम क्लीनरवाला आहे."

कोणी रागावलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. मार्गिट दारात येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे भरलेले होते आणि तरी तिला हसू येत होतं. "आई, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लपवता," ती म्हणाली. मग अहल्याबाई रडल्या, अगदी पदर तोंडाशी न घेता.

दुसऱ्या दिवशी सगळं लटांबर कचेरीत. त्या रिपोर्टातला दुसरा साक्षीदार म्हणून संयोगिताबाईंनाही बोलावणं होतं. त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. उदयसिंहरावांनी कारकुनाला लिहायला बसवलं आणि अहल्याबाईंकडे वळले. "काकू, सांगा. ही कोण?"

संयोगिताबाई कान टवकारून बसल्या होत्या. उद्या दुपारपर्यंत ही कथा अख्ख्या अकोट्यात जाणार, हे अहल्याबाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं.

"ही मार्गिट," त्या म्हणाल्या. "माझी सून. मोहना हे नाव मी ठेवलं. तिनं मागितलं नव्हतं."

"म्हणजे चिपळूणची नव्हे?" संयोगिताबाई.

"हंगेरीची."

"ते कुठं आलं? रत्नागिरीच्या पुढे?"

"बरंच पुढे."

संयोगिताबाईंनी क्षणभर विचार केला. "मला शंका होतीच. कोकणस्थाची मुलगी एवढं तिखट खात नाही."

उदयसिंहरावांनी मिशीतलं हसू मिशीतच ठेवलं. "काकू, एक मार्ग आहे. लग्नाच्या नोंदीत दुरुस्ती करून घ्या. वधूचं नाव मार्गिट. मोहना रद्द. पण नाव तुम्ही ठेवलंत, तर ते मागे घेतल्याचा जबाब तुम्हीच द्यायचा. आणि एक शंका मला राहतेच, ती लिहून घ्यावी लागेल. एकाच बाईची दोन नावं, आणि घरातल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे वरचे साहेब मानणार कसे?"

"आण इकडे तो कागद," अहल्याबाई कारकुनाला म्हणाल्या. त्यांनी जबाब वाचला, पेन घेतलं आणि खाली ठसठशीत सही केली.

उदयसिंहरावांनी सही वाचली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "निरुपमा दिघे? ही कोण? काकू, ज्यांचा जबाब आहे त्यांची सही पाहिजे. ही बाई कुठे आहे?"

"बेपत्ता आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "माझं लग्न झालं त्या दिवसापासून. चाळीस वर्षं होऊन गेली, तुमच्या खात्यानं शोधलं नाही. सासूबाईंना निरुपमा हे नाव फार नाटकी वाटलं, त्यांनी अहल्या ठेवलं. माझे वडील होते तोवर पत्रावर तेवढं लिहायचे. ते गेल्यावर कोणी लिहिलं नाही. आता मला सांगा साहेब, घरात कोणाला वावगं वाटायचं?"

उदयसिंहरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "माझ्या आईचं माहेरचं नाव," ते हळूच म्हणाले, "मला ठाऊकच नाही." मग घसा खाकरून ते पुन्हा साहेब झाले. "लिहा हो. अहल्या नारायण सबनीस ऊर्फ निरुपमा."

"ऊर्फ?" अहल्याबाई उसळल्या. "चोरांना लावतात तसं?"

"तेवढं कायद्यासाठी चालवून घ्या, काकू."

त्यांनी चालवून घेतलं. दुरुस्तीचा अर्ज नारायणरावांनी तिथंच भरला, आणि या वेळी कुठेही रेघ मारली नाही. महिना संपायच्या आत मार्गिटच्या पासपोर्टवर शिक्का बसला. दरम्यान ही हकिकत अकोट्यात दुपारपर्यंतही थांबली नव्हती. ती संयोगिताबाईंच्याही आधी घरी पोचली होती.

त्या दिवशी कचेरीतून परतल्यावर नारायणराव बराच वेळ चपला काढत बसले. मग म्हणाले, "मला ते नाव आवडलं होतं."

"कोणतं?"

"मुलगी पाहायला आलो, तेव्हा तुझ्या वडिलांनी आतल्या खोलीकडे तोंड करून तुला हाक मारली होती. निरुपमा. तेव्हाच मी ठरवलं."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं?"

"आई म्हणाली अहल्या लिही. मी लिहिलं." नारायणरावांनी बायकोला कधी अहल्या अशी हाकही मारली नव्हती. त्यांचा संसार 'अगं'वरच भागला होता.

अहल्याबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ताट घेऊन आल्या. त्यात तांदूळ पसरले आणि ताट नवऱ्यापुढे ठेवलं. "लिहा."

नारायणरावांची अंगठी बोटातून निघेना. मार्गिटनं तेल आणलं, उन्मेषनं ओढली, नारायणराव ओरडले, तेव्हा कुठं ती सुटली. मोत्यासारखं अक्षर त्या दिवशी कामी आलं नाही. 'नि' वाकडा आला, 'मा' ताटाच्या कडेला गेला. अहल्याबाई ते पाहत उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

संध्याकाळी भात लावायची वेळ झाली. मार्गिटनं घरच्या पद्धतीप्रमाणे ते ताट उचललं.

"राहू दे तसंच," अहल्याबाई म्हणाल्या. "आज भात नको, मार्गिट. पोळ्या कर. येतील तशा."