नाल्याखालचा जोड

दीक्षा नरवाडेच्या कंपनीचं ऑफिस आबिड्सला, पोस्टाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. माणसं सगळी मिळून सात. पाणीखात्यानं त्यांना मलकपेठ भागातल्या पाइपलाइनींचं काम दिलं होतं. खात्याकडचे नकाशे जुने, कुठे कुठे कसर लागलेले. जमिनीखाली कुठली लाईन कुठल्या लाईनीला खरोखर जोडलेली आहे, हे खात्यातही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

ते शोधायचं काम दीक्षाचं. त्यासाठी ती ग्राफ न्यूरल नेटवर्क, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांवरून शिकणारं संगणकाचं मॉडेल, वापरायची. आधीची तीन वर्षं ती एका औषध कंपनीत होती, तिथेही हेच गणित. फक्त तिथे ठिपके म्हणजे अणू आणि रेघा म्हणजे त्यांच्यातले बंध. तिची एक मैत्रीण टॅक्सीच्या कंपनीत चौक आणि रस्ते घेऊन तेच करायची. इथे ठिपके म्हणजे व्हॉल्व्ह आणि रेघा म्हणजे पाइप.

काचीगुड्याच्या घरी वडिलांना तिनं हे एकदा समजावून सांगितलं होतं. प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांची खबर घेतो. तिकडे दाब किती, क्लोरीन किती, पाणी किती वाजता आलं. ती खबर तो स्वतःच्या माहितीत मिसळतो. दुसऱ्या फेरीत शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची खबर येते. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की प्रत्येक ठिपक्याचा स्वभाव कळतो. मग नकाशावर रेघ नसतानाही दोन लांबचे ठिपके एकमेकांसारखे वागत असतील, तर मॉडेल सांगतं की इथे जोड असावा.

निवृत्ती नरवाडे शांतपणे ऐकत होते. ते नांदेडकडचे. चौऱ्याऐंशी साली रोजंदारीवर खात्यात लागले, पुढे कायम झाले आणि पाच वर्षांपूर्वी लाईनमन म्हणून निवृत्त झाले. मलकपेठ हाच त्यांचा भाग होता. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, हे त्यांना अजून पाठ होतं. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "म्हणजे लाईनमनचंच काम करायलंय की ते."

जूनमध्ये मॉडेलनं एक्केचाळीस जागा काढून दिल्या. खोदायची परवानगी फक्त पाच ठिकाणी मिळाली. कंपनीचा प्रमुख आदित्य म्हणाला की बाकीच्या जागांसाठी एखाद्या जुन्या लाईनमनला विचारू या. दीक्षा अभिमानानं म्हणाली, माझे बाबाच आहेत, ते कधी खोटं वागले नाहीत.

रविवारी सकाळी निवृत्ती चष्मा लावून यादी घेऊन बसले. एकेक ओळ वाचायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. इथं हाय. इथं नाही. हा शहाऐंशी साली जोडला, मीच होतो. दीक्षा त्यांच्या तोंडाकडे बघत लिहून घेत होती. रेसकोर्सच्या भिंतीमागच्या वस्तीची ओळ आली तेव्हा त्यांनी कागद जरा वेळ हातात धरला.

ती वस्ती नाल्याच्या एका काठाला होती आणि पलीकडे पक्क्या घरांची कॉलनी. दोन्हीकडच्या लाईनी नकाशावर वेगळ्या. मधे नाल्याखालून गेलेली एक जुनी लोखंडी लाईन तेवढी दाखवली होती, तिच्यावर 'बंद' असं लिहिलेलं. मॉडेलच्या मते वस्तीची लाईन आणि कॉलनीची लाईन एकमेकींना जोडलेल्या होत्या.

"इथं काही नाही," निवृत्ती म्हणाले. "नाल्याखालची लाईन मेलेली हाय."

"बाबा, याला मॉडेल शंभरात एक्क्याण्णव देतंय."

"देऊ दे. तीस वर्षं मी तिथं हिंडलो. लिही, नाही."

दीक्षानं 'नाही' लिहिलं आणि पुढे आपली सही केली.

ज्या पाच ठिकाणी खोदलं, तिथे पाचही वेळा निवृत्तींचंच खरं निघालं. आदित्य खूश झाला. मग त्यांची सगळी उत्तरं मॉडेलला शिकवण्यात आली. नाल्याजवळच्या त्या एका 'नाही'वरून मॉडेलनं धडा घेतला की बंद म्हणून दाखवलेल्या लाईनींवर संशय घ्यायचा नाही. तशाच आणखी काही जागांचे आकडे आपसूक खाली आले. दीक्षाला ते दिसलं होतं. मॉडेल सुधारतंय, असं तिला वाटलं.

ऑक्टोबरमध्ये वस्तीत कावीळ सुरू झाली. आधी चार-पाच जण, मग वीस, महिनाअखेर सत्तरच्या वर. खात्यातले लोक म्हणाले, कुठल्या तरी लग्नातल्या जेवणाचं असेल. पण मग नाल्यापलीकडच्या कॉलनीतही माणसं पिवळी पडू लागली, आणि त्या लग्नाला कॉलनीतलं कुणी गेलेलं नव्हतं. खात्यानं दीक्षाला रोग्यांचे पत्ते नकाशावर मांडायला सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या यादीत निम्मे पत्ते अर्धवट होते, म्हणून ती स्वतःच वस्तीत गेली.

तिसऱ्या की चौथ्या घरात तिला गंगू भेटली. साठीची बाई, मूळची देगलूरकडची, नवरा मागेच वारलेला. आत खाटेवर तिची सून त्रिवेणी पडली होती. सातवा महिना. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. पोटुशी असलेल्या बाईला ही कावीळ जिवावर बेतते, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मोठ्या दवाखान्यात खाट मिळते का ते बघायला मुलगा गेला होता.

दीक्षानं नाव सांगितलं तशी गंगू तिच्याकडे निरखून बघू लागली. "नरवाडे? निवृत्तीभाऊची लेक का तू?"

दीक्षा हो म्हणाली. गंगूनं तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"तुझ्या बापानं पाणी पाजलंय आम्हाला, माय. त्या उन्हाळ्यात नल्ल्याच्या तोटीला थेंब नव्हता. बायका कॉलनीत जायच्या तर हाकलून द्यायचे. तुझ्या बापानं तिकडची लाईन आणून दिली. नाल्याखालून. माझ्या मालकानं खड्डा खांदला होता."

दीक्षानं विचारलं, कुठल्या साली. गंगूनं बोटं मोजली. मुलगा चौथीत होता, म्हणजे वीस वर्षं झाली. नेमकी जागा मात्र तिला सांगता येईना. कुठे तरी काठाला, एवढंच. मग तिनं विचारलं की चहा टाकू का. दीक्षा नको म्हणाली, बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आत त्रिवेणीला पुन्हा उलटी झाल्याचा आवाज आला.

पुढचं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाणी दिवसाआड तासभर यायचं. उरलेला वेळ पाइप रिकामा. वीस वर्षांत नाल्याखालचं लोखंड कुजलं असणार, आणि पाइप रिकामा झाला की नाल्यातली घाण आत ओढली जात असणार. पाणी सुटलं की तीच घाण दोन्हीकडच्या घरांत जायची. रिक्षात बसल्यावर तिनं वस्तीचा आणि कॉलनीचा पाणीपुरवठा ताबडतोब बंद करायला खात्यात फोन केला. मग लॅपटॉप उघडून जूनमधला 'नाही' काढून टाकला आणि मॉडेल पुन्हा चालवलं. सत्त्याण्णव आला. तिनं लॅपटॉप मिटला.

घरी दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. तिची आई सखू भांडी आवरत होती. निवृत्ती पेपर वाचत होते.

"वस्तीतल्या गंगूबाई भेटल्या," दीक्षा म्हणाली.

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"जोड तुम्ही केला होता. मग मला नाही का सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले की सांगितलं असतं तर खात्यानं तो तोडला असता आणि वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. बिनापरवानगी केलेलं काम, त्याची चौकशी लागली असती. आणि वीस वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं.

"खरं सांगू का? हे सगळं नंतर सुचलं. तू समोर पेन घेऊन बसली होतीस. 'माझे बाबा कधी खोटं वागले नाहीत' असं ऑफिसात सांगून आली होतीस. माझ्या तोंडातून नाही निघालं. एकदा निघाल्यावर परत घेता येईना."

"बाबा, सत्तर लोक आजारी आहेत. चार गेले."

"पेपरात वाचायलो होतो. लग्नाचं जेवण लिहिलं होतं. मी म्हणलं, तसंच असंल. तसंच असू दे, म्हणलं."

सखूनं त्यांच्या चपला दारात आणून ठेवल्या.

निवृत्ती वस्तीत आले तेव्हा खात्याची माणसं आधीच पोचली होती. रेसकोर्सच्या भिंतीपासून त्यांनी पावलं मोजली, नाल्याच्या काठाला एका जागी टाच रोवली आणि बाजूला झाले. पाच फुटांवर पाइप लागला. त्याची साल हातानं निघत होती. खालच्या अंगाला भोकं पडली होती, बोट आत जाईल एवढी.

वस्तीतले लोक काठावर जमले होते. पाइप कापायला घेतला तशी गंगू पुढे आली.

"भाऊ, तुम्हीच पाणी आणलं अन् आता तुम्हीच तोडायला लावता?"

निवृत्तींनी तिला सांगितलं. पाण्यातून कावीळ आली. हे पाणी मी आणलेलं. जूनमध्ये लेकीनं विचारलं होतं, मी नाही म्हणून सांगितलं. आडपडदा न ठेवता, सगळ्यांसमोर, ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी सांगितलं. कुणीतरी शिवी दिली. एक बाई मोठ्यानं रडू लागली. गंगू पदर तोंडाला लावून घरात गेली.

त्रिवेणीला मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली. तिसऱ्या दिवशी पोटातलं बाळ गेलं आणि पाचव्या दिवशी ती गेली. दीक्षा आणि निवृत्ती भेटायला गेले तेव्हा गंगूनं त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"खड्डा माझ्या मालकानं खांदला," ती म्हणाली. "पाया मी पडले होते तुमच्या. कोणाला बोलू मी? पण दहाव्याला येऊ नका. पोराला सोसणार नाही."

शेवटी एकूण नऊ माणसं गेली.

आदित्यनं अहवाल लिहिला. त्यात होतं की रोग्यांच्या पत्त्यांवरून मॉडेलनं गुप्त जोड चार दिवसांत शोधून काढला. जूनमधल्या यादीचा उल्लेख नव्हता. दीक्षानं विचारलं तेव्हा तो म्हणाला की हे तुझ्या वडिलांसाठीच बरं आहे, आणि तुझ्यासाठीही. कंपनी वाचली तर हे काम पुढे चालेल, नाही तर असे जोड कोण शोधणार? तो अगदीच खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. तिनं जूनची यादी, 'नाही' आणि पुढची आपली सही, हे सगळं स्वतः खात्याला पाठवलं.

चौकशीच्या दिवशी निवृत्तींनी जबाब दिला. अधिकाऱ्यानं विचारलं की जूनमध्ये हे आणखी कुणाला ठाऊक होतं का. निवृत्ती लगेच म्हणाले, कुणालाच नाही, मुलीला यातलं काही कळत नव्हतं.

"कळत होतं," बाजूला बसलेली दीक्षा म्हणाली. "मॉडेल एक्क्याण्णव सांगत होतं. खोदायला मी लावायला हवं होतं. मी घरच्या माणसाचं ऐकलं."

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तो म्हणाला की मशीनचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि जबाबदार माणूस मिळालेला आहे. तिचं बोलणं त्यानं लिहून घेतलंच नाही. निवृत्तींवर गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, खटला उभा राहायचा आहे. ते आता घराबाहेर पडत नाहीत. कुणी दार वाजवलं तर सखू उघडते.

दीक्षा त्याच कंपनीत आहे. आता यादीतल्या नव्वदच्या वरच्या प्रत्येक ठिकाणी खोदल्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही, आणि नऊ माणसं गेल्यावर खातंही परवानगी नाकारत नाही. आकडे खाली आलेल्या त्या जागाही तिनं परत यादीत घेतल्या. डिसेंबरपर्यंत अकरा ठिकाणी खोदलं, आठ ठिकाणी जोड सापडले. सगळे जुने, सगळे कुणी ना कुणी कुणाच्या तरी तहानेसाठी केलेले. दोन ठिकाणी पाइपात घाण शिरायला लागली होती. आठही तोडले. नवीन लाईनी मंजूर आहेत, पण अजून एकही पडलेली नाही. टँकर येतो, चार दिवसांतून एकदा.

जानेवारीत ती मलकपेठच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका गल्लीत शिरली. सोबत खोदणारे दोघे आणि खात्याची गाडी. दारात भांडी घासत असलेल्या एका बाईनं त्यांना पाहिलं, हातातली घागर खाली ठेवली आणि आत जाऊन घरात होती नव्हती तेवढी सगळी भांडी बाहेर आणून सुरू असलेल्या नळाखाली लावली. शेजारणींनाही तिनं हाक मारली.

"बाई, तोडायला आलात ना?" तिनं विचारलं.

दीक्षा हो म्हणाली. भांडी भरेपर्यंत थांबता येईल का, असं बाईनं विचारलं. त्या पाण्यात काय आहे हे दीक्षाला अजून ठाऊक नव्हतं. पाइप लागेपर्यंत भरून घ्या, पण उकळून प्या, असं तिनं बाईला सांगितलं, गाडीचा दरवाजा लावला आणि खोदणाऱ्यांना कुदळी काढायला सांगितल्या.