अननोन डिव्हाइस

मी एक जुना खटका आहे. बशीएवढा, तांबडाभडक. भिंतीवरचा दिव्याचा नव्हे हं, मित्रांनो! माझी वायर लॅपटॉपच्या यूएसबीत खोचलेली असते, आणि डोंबिवलीच्या सान्वीला जे बोलायचं असतं ते माझ्यातून जातं.

सान्वी आठ वर्षांची. तिला सगळं कळतं, पण जीभ वळत नाही आणि बोटंही ऐकत नाहीत. ब्राउझरमध्ये तिचं एक पान उघडतं. त्यात चित्रं एकेक करून उजळतात: पाणी, भूक, आई, आत्या, दुखतंय. हवं ते चित्र उजळलं की ती मला तळहाताने दाबते आणि पान तो शब्द मोठ्याने बोलतं. पहिल्यांदा 'आई' ऐकू आलं तेव्हा तिची आई प्राची ओट्याला धरून रडली होती. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

मला घडवलं ठाण्याच्या राजरत्नदादाने. सान्वीच्या हाताला जड जाऊ नये म्हणून त्याने स्प्रिंग पुन्हा पुन्हा बदलली. या नादात माझ्या पोटात माझं नाव भरायचं तेवढं राहून गेलं. नावाने काय अडतं, असं मलाही वाटायचं.

ब्राउझर मात्र मोठा कडक. आमच्यासारख्यांशी तो आपणहून बोलत नाही. आधी चौकट दाखवून माणसाला विचारतो, याला आत घेऊ का? एकदा होकार मिळाला की मग ओळख ठेवतो. प्राचीने कधीच होकार दिला होता, त्यामुळे आमचं छान चाललेलं.

मग एके रात्री सान्वीच्या बाबांनी, विनीतने, "जाम स्लो झालाय" म्हणत ब्राउझरची साफसफाई केली. कचऱ्यासोबत माझी ओळखही गेली. ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघं लग्नाला चिपळूणला गेले आणि ठाण्यातल्या खोपटहून नीलाआत्या सान्वीपाशी राहायला आली.

आत्या प्रेमळ, शिकलेली. प्राचीने सांगितल्याप्रमाणे तिने पान उघडलं, पण सान्वी माझ्यातूनच बोलते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; खेळणं समजूनच तिने 'बटण जोडा' वर टिचकी मारली. चौकट आली. तिच्यात माझ्या नावाच्या जागी होतं, 'अननोन डिव्हाइस'.

"अगं बाई," आत्या पुटपुटली. "अननोन नंबर उचलायचा नाही, अननोन लिंक उघडायची नाही, आणि हे तर आख्खं डिव्हाइस. नको रे बाबा."

तिने 'रद्द' दाबलं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज तेच तर बजावत होते. तिला तरी कुठल्या तोंडाने बोल लावू?

त्या दुपारी सान्वीचा कान ठणकायला लागला. पडद्यावर चित्रं आपली फिरत होती. 'दुखतंय' उजळलं की ती मला दाबायची. मी निरोप धाडायचो, आणि ब्राउझर दार लावून बसलेला. ती रडली तेव्हा आत्याने तिला पोटाशी धरलं. "आईची आठवण येते ना गं माझ्या राणीला?"

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. "त्रास नाही ना देत?"

"छे गं. जरा किरकिर करते, पण दिवसभर बटणाशीच खेळतेय."

"खेळू दे, आवडतं तिला," प्राची म्हणाली. तिच्या लेखी मी जोडलेलाच होतो.

खेळत नव्हती हो ती. ओरडत होती. मला तोंड असतं तर मीही ओरडलो असतो.

सकाळी उशीवर पू दिसला. कानाचा पडदा फाटून संसर्ग आतल्या कानात पोचला होता. डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही आणलंत? जखम पुढे भरली, पण त्या डाव्या कानाने ऐकू येणं काही परतलं नाही.

मित्रांनो, विचारणारी चौकट आली की डोळे झाकून 'हो' म्हणू नका, हे खरंच. पण डोळे झाकून 'नाही'ही म्हणू नका. हे कुणाचं आहे, एवढं आधी विचारा. आणि उद्या काही घडवाल, तर त्याला नाव द्यायला विसरू नका.

राजरत्नदादाने मला नाव दिलं, उशिरा का होईना. आता चौकटीत 'सान्वीचा आवाज' असं येतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा 'जोडा' आत्यानेच दाबलं. सान्वीने चित्राची वाट पाहिली आणि मला दाबलं.

"आत्या," पान बोललं.

ते नीट ऐकू यावं म्हणून सान्वीने मान वळवून उजवा कान लॅपटॉपकडे केला.