तळ्यानं ठेवून घेतलेला माणूस

वादळ ओसरल्यावर लंबूची होडी काठाला लागली. लंबू लागला नाही. पाणबुड्यांनी तळ ढवळला, गळ फिरवले, जाळी ओढली. हाती आली ती एक चप्पल, तीही दुसऱ्याच कुणाची. ज्याला सगळे "काय रे, वर हवा कशी आहे?" म्हणून चिडवायचे, तो एवढा ताडमाड माणूस पाण्यानं गिळला आणि साधा ढेकरही दिला नाही.

त्याची बायको मासळीबाजारात मासे कापून द्यायची. तिच्या ओट्यापुढे कायम गर्दी असे. आता ती आटली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण एक बाई दुसरीच्या कानात कुजबुजली ते तिनं ऐकलंच. "नको गं बाई. त्या तळ्यातले मासे काय खाऊन पोसलेत कोण जाणे!"

ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं आणि राहिलं. सुरी धुताना, लेकीची वेणी घालताना, पहिला घास उचलताना. धाकट्या दिरानं जाळी माळ्यावर फेकली आणि वीटभट्टीची वाट धरली. इतर कोळ्यांचाही धीर होईना. तळ्यात कुणी उतरेनासं झालं.

दिवेलागणीला मात्र तिला पाण्याकडून आवाज यायचा. फेकलेल्या जाळ्याचे शिशाचे मणी पाण्यावर पडावेत, तसा. ती धावत दाराशी जायची. काळं पाणी मध्येच उसळायचं आणि पुन्हा मिटायचं.

"मरळी आहेत," सासूबाई आतून म्हणायच्या. "माजल्यात मेल्या. धरायला कोण उरलंय?"

उन्हाळा आला तशी काठाची चिंगळी, ती बारीक मासळी, दिसेनाशी झाली. पूर्वी पाय बुडवला की बोटांना लुचायला यायची. आता पाण्यात नुसत्या डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मग डासांनी गल्ली धरली. घरोघरी माणसं तापानं आडवी झाली, आणि एका सकाळी लेकीचं कपाळ तव्यासारखं लागलं.

दवाखान्यातून औषध आणून सुनेनं पोरीला पाजलं. सासूबाई उशाशी बसल्या होत्या.

"चिंगळी अळ्या खायची," त्या म्हणाल्या. "चिंगळीला मरळी खायच्या. आणि मरळींना आपण. आपण हात आखडला, आता भोगा. जाळी काढायला सांग धाकट्याला."

"आई, मला नाही जमायचं. मरळींच्या पोटात हे असतील तर?"

म्हातारीनं नातीच्या दंडावरचा डास चिरडला.

"असेलही. माझ्याच पोटचा तो. जन्मभर त्यानं मासे खाल्ले, माशांनी त्याला खाल्लं असेल तर फिटंफाट झाली. पण ह्या पोरीला डासांनी खाल्लेलं मी बघणार नाही."

दीर पाण्यात उतरला. होडी भरून मरळी आल्या. मांडीएवढ्या जाड, चकचकीत. तिनं पहिलीचं पोट चिरलं. आत चिंगळी, बेडकाचा पाय, चिखल. दुसरीत तेच. ती एकेक पोट उघडत गेली, बोटांनी चाचपत गेली. निदान एखादं बटण. काहीच नाही. सुटल्यासारखंही वाटलं आणि पुन्हा एकदा त्याला गमावल्यासारखंही.

जेवायला सासूबाईंनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि सुनेकडे न बघता चावत राहिल्या. मग तिनंही घेतला. चव छान होती, अगदी नेहमीची. कडू लागला असता तर बरं झालं असतं. ती रडली, आणि रडतारडताच दुसरा तुकडा वाढून घेतला.

त्यांनी खाल्लेलं कळलं तसे बाकीचेही सावरले. होड्या निघाल्या, मरळी कमी झाल्या. लेक खडखडीत बरी झाली. पुढच्या उन्हाळ्यात चिंगळी पुन्हा काठाला आली आणि डास हटले.

ओट्यापुढे गर्दीही परतली. पण मरळ हाती आली की ती थांबते. पोट चिरून आतला ऐवज बाजूला घेते, बोटांनी पसरून बघते. घाईतली गिऱ्हाइकंसुद्धा तेवढा वेळ थांबतात. काही सापडलंच तर काय करायचं, हे तिनं अजून ठरवलेलं नाही.